गोदेचा तळ तपासायचाय: ड्रोनवरचा लेझर की होडीवरचा सोनार (ध्वनिलहरींनी तळ टिपणारं यंत्र)?

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थाआधी नदीपात्रात बुडालेले दगड, लोखंड, पडझड झालेल्या पायऱ्या शोधायच्या असतील, तर दरपत्रक मागवण्याआधी पाणी तपासा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

त्यासाठी सेक्ची थाळी पुरते. काळ्या-पांढऱ्या रंगाची ही थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. ड्रोनवरचा हिरवा लेझर साधारण त्याच्या दीड-दोन पट खोल बघू शकतो. थाळी अर्ध्या मीटरवर गुडुप झाली, तर मीटरभराच्या खाली तो आंधळाच. स्वच्छ समुद्रात विमानातला लेझर ५० मीटरपर्यंत पोचतो. तो आकडा दाखवून कोणी गोदावरीसाठी यंत्र विकायला आलं, तर थाळी पुढे करा.

लेझरचा एक परतावा, म्हणजे आदळून परत आलेला प्रकाश, पाण्याच्या पृष्ठभागावरून येतो, दुसरा तळावरून. दोहोंत एका नॅनोसेकंदाचं (सेकंदाच्या एक अब्जांशाचं) अंतर असेल, तर खोली सुमारे ११ सेंटीमीटर. पण लेझरचा स्पंदच, म्हणजे प्रकाशाचा एक झोतच, एक-दोन नॅनोसेकंद किंवा त्याहून लांब असतो, त्यामुळे तळाला चिकटलेली लहान वस्तू तळाच्या परताव्यात मिसळून जाते. पाणवेलींखाली आणि पुलाखाली तर त्याला काहीच दिसत नाही.

सोनारला गढूळपणाचं फारसं वावडं नाही. होडीच्या दोन्ही बाजूंना तिरका ध्वनी सोडणाऱ्या साइड-स्कॅन सोनारमध्ये वस्तूमागे सावली पडते आणि तिच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. बुडालेली वस्तू ओळखायला याहून भरवशाचं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण उथळ पाण्याची. तीन मीटर खोलीत १२० अंशांचा मल्टिबीम (पंख्यासारखे अनेक ध्वनिझोत सोडणारा सोनार) जेमतेम १० मीटरचा पट्टा टिपतो, म्हणजे होडीच्या फेऱ्या वाढतात. गुडघाभर पाण्यात होडी जातच नाही.

म्हणून रामकुंड ते तपोवन या शहरी पट्ट्यासाठी मी डोळे झाकून सोनार घेईन. गंगापूर धरणाच्या उथळ कडेला मात्र, हिवाळ्यात गाळ खाली बसल्यावर, लेझर उजवा: कोरडा काठ आणि बुडालेला उतार एकाच उड्डाणात सलग मिळतो. पावसाळ्यात त्याचा विचारही नको.

ड्रोनच घ्यायचं ठरलं, तर देवळाली आणि ओझरच्या लष्करी हद्दी जवळ आहेत. परवानगीचा वेळ आधी धरा. आणि करारात लिहून घ्या: उड्डाणाच्या दिवशी थाळीची नोंद ठरलेल्या खोलीपेक्षा कमी आली, तर उड्डाण पुढे ढकलायचं, तेही जादा पैसे न घेता.