दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग पुढे कुठे? कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून

बे एरियातल्या मराठी घरांत बारावीच्या मुलांचे निकाल लागले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दोन वर्षं डी अँझाला काढायची, मग बर्कली.’ वाक्यात चूक काही नाही, पण त्यातली दोन वर्षं फसवी आहेत. डी अँझा हे इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाणं म्हणजे ट्रान्सफर. हे कॉलेज सप्टेंबरअखेर सुरू होतं. पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरला यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली त्यातलंच एक कॅम्पस) ‘टॅग’चा, म्हणजे प्रवेशाच्या हमीचा, अर्ज सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला बंद होतो. यूसी आणि सीएसयूचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मुख्य अर्जही त्यानंतर दोनेक महिन्यांत संपतात. म्हणजे तीन क्वार्टर (बारा आठवड्यांच्या टर्म) आणि एक उन्हाळा, एवढ्या शिदोरीवर मूल अर्ज करतं. उरलेलं वर्ष ‘करणार आहे’ या रकान्यात जातं. म्हणून ‘पहिलं वर्ष बघू, मग ठरवू’ असं म्हणणाऱ्या घरात बहुधा तिसरं वर्ष लागतं.

पैशाचा मुद्दा पटकन उरकतो, कारण त्यावर वाद नाही. रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ३० युनिटांच्या वर्षाला १,३८० डॉलर आणि वर किरकोळ फिया. सीएसयूची मूळ फी वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास आहे, यूसीची पंधरा हजारांच्या आसपास. राहणं, खाणं आणि कॅम्पसच्या फिया वेगळ्या. पहिली दोन वर्षं घरी राहून काढली तर वाचणारी रक्कम फीपेक्षा भाड्यातच जास्त असते. इथवर सगळे सहमत. गोंधळ सुरू होतो तो ‘हमी’ या शब्दापाशी.

दोन हम्या, दोन वेगळ्या गोष्टींच्या

कॅलिफोर्नियात ट्रान्सफरची हमी दोन प्रकारची मिळते आणि लोक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात.

पहिली एडीटी, म्हणजे ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री. २०१० च्या कायद्याने ती आली. ठरलेल्या विषयात ६० सेमिस्टर युनिटं पुरी करून ही डिग्री घेतली की सीएसयूमध्ये तिसऱ्या वर्षात जागा नक्की, आणि त्याच किंवा जवळच्या विषयाची पदवी आणखी ६० युनिटांत पुरी करता येते. मात्र ही जागा सीएसयूच्या व्यवस्थेत कुठेतरी मिळते, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसवर मिळेलच असं नाही. सॅन होजे स्टेटला कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर तिथे अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. एडीटी असलेल्याला तिथल्या स्पर्धेत थोडी सवलत मिळते, जागेची खात्री नाही. मागितलेल्या कॅम्पसपैकी कुठेच घेतलं नाही तर जिथे जागा असेल तिथे वळवलं जातं, आणि ते कॅम्पस घरापासून चार तासांवरही असू शकतं.

दुसरी टॅग. ही यूसीची, पण नऊपैकी सहाच कॅम्पसची: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस (यूसीएलए) आणि सॅन डिएगो यांत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला लावता येतो. त्या कॅम्पसने ठरवलेले विषय आणि जीपीए (गुणांची सरासरी) जमवला तर त्या जागी, त्या विषयात प्रवेश नक्की. पण सगळे विषय टॅगमध्ये नसतात. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यात येत नाही, आणि मागणी असलेल्या विषयांची यादी दर वर्षी बदलू शकते. मागच्या वर्षी पुतण्याला चाललं म्हणून यंदा चालेल, असं धरून बसू नये.

| | एडीटी | टॅग | खुला अर्ज (बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो) |
|---|---|---|---|
| काय पक्कं होतं | सीएसयूत जागा, विषय | एक कॅम्पस, विषय | काहीच नाही |
| काय हातात नाही | कोणतं कॅम्पस | बाकीची कॅम्पस | निकाल |
| अर्ज कधी | सीएसयूच्या मुख्य अर्जासोबत | आधी सप्टेंबरमध्ये टॅग, मग मुख्य अर्ज | मुख्य अर्ज |
| निबंध | नाही | टॅगला नाही, मुख्य अर्जाला चार उत्तरं | चार उत्तरं |
| कोणाला सोयीचं | विषय पक्का, जागेबाबत लवचीक | जागा आणि विषय दोन्ही पक्के | गुण उत्तम, मागे दुसरी सोय तयार |

तक्त्यातला तिसरा रकाना दुसऱ्याला पर्याय म्हणून वाचू नका. टॅग घेतलेल्याला बर्कली आणि यूसीएलएला अर्ज करायला कोणी अडवत नाही, आणि टॅग मंजूर झाला म्हणून तिथे जावंच लागतं असंही नाही. त्यामुळे यूसीला जायचं ठरवलेल्या आणि टॅगमध्ये बसणाऱ्या मुलाने टॅग न घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही. ‘टॅग घेतला तर बर्कलीवाले समजतात की मूल दुसरीकडे जाणार’ ही अफवा व्हॉट्सॲपवर दर सप्टेंबरला उगवते. तिला पाणी घालू नये.

एडीटी आणि टॅग यांच्यात मात्र खरी निवड आहे. एडीटीची यादी सीएसयूच्या गरजेने बनली आहे. कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयात यूसीची कॅम्पसं गणिताची आणि फिजिक्सची जी तयारी मागतात, ती सगळी त्या यादीत असेलच असं नाही. त्यात २०२१ च्या कायद्यानंतर एक नवी गंमत झाली आहे. ट्रान्सफर करायचं आहे असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला, त्या विषयाची एडीटी असेल तर, कॉलेज आपोआप त्या वाटेवर टाकतं. बाहेर पडायची मुभा आहे, पण ती आपण मागायची. यूसी डोक्यात असेल तर पहिल्याच भेटीत काउन्सेलरला हे सांगा.

विषयाशी विषय

महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांची सवय वेगळी असते. तिथे टक्के पाहतात, कॅप राउंडमध्ये पसंतीक्रम भरतात आणि नंबर लागतो. डिप्लोमाला कोणता पेपर कोणत्या नावाने होता हे कोणी उकलत बसत नाही. कॅलिफोर्नियात उलट आहे. इथे एकेक कोर्स तिकडच्या एकेका कोर्सशी जुळावा लागतो, आणि ही जुळवणी ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर उघड मांडलेली आहे. कॉलेज, विद्यापीठ, विषय आणि वर्ष निवडलं की डावीकडे तिकडचा कोर्स, उजवीकडे आपला. घरातल्या कोणालाही अर्ध्या तासात वाचता येईल असं हे पान आहे. प्रवेशाच्या गप्पांमध्ये ज्याने हे पान पाहिलेलं नाही त्याचं मत मी मनावर घेत नाही.

काकामंडळींचा आवडता सल्ला असतो: ‘आधी जनरल एज्युकेशन संपव, मग विषयाचं बघ.’ इतिहास, समाजशास्त्र किंवा इंग्रजी घेणाऱ्याला तो चालून जातो. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्याला तो थेट नुकसान करतो. सामान्य विषयांची कॅल-गेटसी नावाची यादी ११ कोर्सेसची, किमान ३४ सेमिस्टर युनिटांची आहे. २०२५ च्या शरदापासून सुरू करणाऱ्यांना यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी ती एकच चालते. पहिल्या वर्षी हीच भरत बसलं तर कॅल्क्युलसची आणि फिजिक्सची साखळी मागे पडते, आणि साखळीतला कोर्स वगळून पुढे उडी मारता येत नाही. बर्कलीचं इंजिनिअरिंग कॉलेज तर या यादीपेक्षा विषयाची तयारी पाहतं. उलट सीएसयूला जाणाऱ्याने भाषण, लेखन, तर्कविचार आणि गणित हे चार कोर्स आधी हातावेगळे करावेत. त्यांच्याशिवाय तिकडचं दारच उघडत नाही.

साखळीवरून क्वार्टर आणि सेमिस्टर आठवतं. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात. फ्रीमाँटचं ओलोनी, सांता क्लाराचं मिशन, सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर. कॅल्क्युलस डी अँझाला चार क्वार्टरांत होतं, ओलोनीला तीन सेमिस्टरांत. दोन्हीकडे शेवटी तेच पदरात पडतं. पण दोन क्वार्टर इकडे करून उन्हाळ्यात तिकडचं दुसरं सेमिस्टर घेतलं की मधला भाग कुठेतरी सुटतो किंवा दोनदा होतो. असिस्टवर काही साखळ्या अख्ख्याच जुळवलेल्या असतात, अर्ध्या तोडल्या तर विद्यापीठ मान्य करत नाही. इंग्रजी किंवा अर्थशास्त्र कुठेही घ्या, गणित-फिजिक्सची एक साखळी मात्र एकाच कॉलेजात सुरू करून तिथेच संपवावी.

क्वार्टर चांगलं की सेमिस्टर, असं विचाराल तर घाईची सवय असलेल्या मुलाला क्वार्टर बरं. अर्जाआधी त्याचे जास्त कोर्स पुरे झालेले दिसतात. पण बारा आठवड्यांत एक आठवडा आजारपणात गेला तरी भरून काढायला जागा उरत नाही.

कोणाला विचारायचं

कॉलेजचा काउन्सेलर फुकट आहे आणि तो प्राध्यापकवर्गातच मोडतो, कारकून नाही. तो एज्युकेशन प्लॅन बनवतो, कोर्सेसची यादी तपासतो, नोंदीतल्या चुका सुधारून देतो. अडचण एवढीच की विद्यार्थी खूप आणि काउन्सेलर थोडे. ड्रॉप-इनला, म्हणजे वेळ न ठरवता गेलं तर, पंधरा मिनिटं मिळतात, आणि दर वेळी वेगळा माणूस समोर असतो. ‘मी काय घेऊ?’ असं विचारत आत गेलं तर पंधरा मिनिटांचं उत्तरही तसंच मोघम मिळतं. दोन कॅम्पसची असिस्टची पानं छापून नेली आणि ‘हे दोन्ही जमेल असा प्लॅन लावून द्या’ म्हटलं तर तोच माणूस सोन्यासारखं काम करतो. भेट पहिल्या टर्मच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्यावी. सप्टेंबरात टॅगवाल्यांची झुंबड असते.

विद्यापीठांचे प्रतिनिधी कॉलेजात येतात किंवा ऑनलाइन भेटतात. स्वतःच्या कॅम्पसपुरतं त्यांचं उत्तर काउन्सेलरपेक्षा पक्कं. दुसऱ्या कॅम्पसबद्दल त्यांना विचारू नये.

उरला खाजगी सल्लागार. हजारो डॉलर घेणारे हे लोक हायस्कूलमधून प्रवेश घेणाऱ्यांच्या जगातले आहेत. यूसी एसएटी पाहत नाही आणि ट्रान्सफरला शिफारसपत्रंही मागत नाही. राहतात कोर्स, गुण आणि ३५० शब्दांची चार उत्तरं, त्यातलं एक सक्तीचं: या विषयाची तयारी तुम्ही कशी केली? सीएसयूला तर तेही नाही. उत्तरं एखाद्या चांगल्या वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावीत, पण त्यासाठी एवढे पैसे मोजण्यासारखं इथे काही शिल्लक राहत नाही. यूएससीसारख्या खाजगी विद्यापीठाकडे जायचं असेल तर हिशेब बदलतो. त्यांची जुळवणी असिस्टवर नसते, स्वतःच्या याद्या असतात, आणि यूएससी जास्तीत जास्त ६४ युनिटं मान्य करतं. तरीही पहिलं विचारणं त्याच विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात करावं.

एच-४ वरच्या मुलांसाठी वेगळा हिशेब

हा भाग आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू आहे आणि तो कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात बसत नाही. एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला कॅलिफोर्नियात रहिवासी दर मिळू शकतो. २१ वर्षं पूर्ण झाली की मात्र ते अवलंबित राहत नाही. ग्रीन कार्डाची रांग तोवर हलली नसेल तर बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि एफ-१ वर नव्याने रहिवासी ठरता येत नाही. यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला मूळ फीवर वर्षाला ३५ हजार डॉलरांहून जास्त भरावे लागतात. अठराव्या वर्षी सुरू केलेलं मूल विसाव्या वर्षी ट्रान्सफर होतं, म्हणजे एकविसावा वाढदिवस नेमका विद्यापीठात येतो. तिसरं वर्ष कम्युनिटी कॉलेजात गेलं तर तो ट्रान्सफरच्या आधीच येतो. म्हणून अशा घराने ‘एक वर्ष जास्त लागलं तर काय बिघडलं’ हे वाक्य आधी वकिलाला आणि मग यूसीच्या रेसिडेन्स डेप्युटीला (रहिवासी दर ठरवणारा अधिकारी) ऐकवावं. काउन्सेलर या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या अधिकारात नाही, आणि चांगला काउन्सेलर तसं सांगतोही.

मग कोणी काय घ्यावं

अकाउंटिंग, मानसशास्त्र, समाजशास्त्र असा विषय पक्का असेल आणि लवकर नोकरीला लागायचं असेल तर एडीटी घेऊन सीएसयू. लोक नाक मुरडतात, पण सॅन होजे स्टेटचे पदवीधर सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांत कसे भरलेत ते कोणत्याही ऑफिसात दिसतं. फक्त एकच कॅम्पस न टाकता दोन-तीन टाकावीत.

कॉम्प्युटर सायन्सचा हट्ट आणि बर्कलीचाही हट्ट असेल तर यूसीच्या माहिती केंद्रावर विषयवार ट्रान्सफरचे आकडे आहेत, ते मुलासोबत बसून पाहा. विद्यापीठाचा सरासरी दर आणि या एका विषयाचा दर यांत पुष्कळ अंतर असतं. आकडे पाहूनही हट्ट टिकला तर खुशाल अर्ज करावा, शेजारी विषय म्हणून गणित किंवा डेटा सायन्स चालतं का ते पाहून, आणि खाली टॅग अंथरून.

विषयच ठरला नसेल तर पहिली टर्म इंग्रजी, मुलाच्या पातळीचं गणित आणि जे खरंच करून पाहायचंय ते एक, एवढंच घ्यावं. हे तीन कोर्स जवळपास कुठल्याही वाटेवर वाया जात नाहीत. विषय मार्चपर्यंत ठरला तर उन्हाळा हाताशी असतो. नाही ठरला तर सप्टेंबरचा टॅग सोडून द्यावा आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च आत्ताच मांडावा. आणि यूसीच्या कुठल्याही कॅम्पसला अर्ज केला असो, जानेवारीत यूसीचा ट्रान्सफर अपडेट भरायचा असतो, मुदत ३१ जानेवारी. शरदातले गुण आणि वसंतातले कोर्स त्यातूनच विद्यापीठाला कळतात. त्या सुमारास मुलं नाताळच्या सुट्टीवरून नुकती परतलेली असतात आणि ईमेल पाहत नाहीत, तेव्हा कॅलेंडरवर ती नोंद पालकांनी करावी.