लेकसाइडची जागतिक डार्ट्स स्पर्धा: नेम बघायचा असेल तर इथे

डार्ट्सची जागतिक स्पर्धा म्हटली की बहुतेकांना उत्तर लंडनमधला अलेक्झांड्रा पॅलेस आठवतो. सोंगं घेऊन आलेले प्रेक्षक, लांबच लांब टेबलं, १८० (तीन डार्टमधले सर्वाधिक गुण) पडले की हवेत उंचावणारे फलक. तो सोहळा मोठाच आहे. पण पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन स्वतंत्र जगज्जेते एकाच मंचावर, एकाच बोर्डापुढे ठरताना बघायचे असतील तर सरे परगण्यातल्या फ्रिमली ग्रीनमध्ये, लेकसाइड कंट्री क्लबात जावं. नेम बघायला येणाऱ्यासाठी आजही ही जागा उजवी आहे, आणि त्याचं मुख्य कारण महिलांचे सामने आहेत.

थोडा इतिहास सांगायला हवा. ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनची जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाली. १९८६ पासून २०१९ पर्यंत ती लेकसाइडला होत असे. २०२० ची स्पर्धा लंडनच्या ओ-टू संकुलात हलवली गेली आणि त्याच वर्षी ती संघटनाही मोडीत निघाली. पुढे वर्ल्ड डार्ट्स फेडरेशनने सूत्रं हाती घेऊन एप्रिल २०२२ मध्ये लेकसाइडलाच नवी जागतिक स्पर्धा भरवली. अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होते ती प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशनची, म्हणजे पीडीसीची स्पर्धा. तिचा उगम ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनमध्ये १९९० च्या दशकात पडलेल्या फुटीत आहे. दोन्ही स्पर्धांना जागतिकच म्हणतात, त्यामुळे नवा प्रेक्षक तिकीट काढतानाच गोंधळतो. आधी संघटनेचं नाव बघावं, मग तारीख.

आता मुद्द्याचं. महिलांची जागतिक स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हा अंतिम सामना दोन सेट आधी जिंकणारीचा होता. पहिल्या वर्षी ट्रिना गलिव्हरने मँडी सॉलोमन्सला २-१ असं हरवलं. लेग म्हणजे ५०१ गुणांवरून आधी शून्यावर येण्याचा एक डाव, आणि एक सेट म्हणजे पाचपैकी तीन लेग, त्यामुळे अख्खा जागतिक अंतिम सामना सहा लेगमध्येही आटोपू शकत होता. यात नेमबाजीपेक्षा सुरुवात कोणाची, यालाच जास्त वजन येतं. सामन्याआधी दोघी बुलवर, म्हणजे बोर्डाच्या मधोमध असलेल्या ठिपक्यावर, एकेक डार्ट टाकतात, आणि जिचा डार्ट केंद्राजवळ पडतो ती पहिला लेग सुरू करते. सेटमधला पहिला, तिसरा आणि पाचवा लेग तिच्याच हातात राहतो. पुढच्या सेटची सुरुवात समोरची करते, तिसऱ्याची पुन्हा पहिली. दोघींनी आपण सुरू केलेले लेग राखले तर पहिला आणि तिसरा सेट बुल जिंकणारीकडेच झुकतो. मधे एखादा ब्रेक बसला, म्हणजे एकीने सुरू केलेला लेग दुसरीने जिंकला, तर तो फेडायला वेळच उरत नाही.

२०१४ मध्ये महिलांचा अंतिम सामना तीन सेट आधी जिंकणारीचा झाला. लिसा अ‍ॅश्टनने डेटा हेडमनला ३-२ असं हरवलं, ते याच मांडणीत. २०२२ पासून चार सेट आधी जिंकावे लागतात, म्हणजे किमान बारा लेग. फरक नुसता आकड्यांचा नाही. बारा-पंधरा लेगनंतर हात जड होतो, डार्ट सोडण्याची लय किंचित बदलते, आणि डबलवर, म्हणजे लेग ज्यावर संपवावा लागतो त्या दुप्पट गुणांच्या पट्टीवर, कोण टिकतं ते उघडं पडतं. ब्यू ग्रीव्ह्जने २०२२ ते २०२४ असे तीन किताब ओळीने जिंकले ते या लांब मांडणीत. पहिल्या वेळी ती १८ वर्षांची होती आणि अंतिम सामना तिने ४-० असा घेतला. गलिव्हरचे दहा किताब विक्रम म्हणून अढळ आहेत, त्यांतले पहिले सात तर ओळीने आले. तरी दोन काळांची तुलना करताना सामन्याची लांबी लक्षात घ्यायलाच हवी.

पुरुषांचा अंतिम सामना मात्र सहा सेट आधी जिंकणाऱ्याचा, म्हणजे किमान अठरा लेगचा. हे अंतर अजून राहिलं आहे. २०२२ मध्ये पुरुष विजेत्याला ५०,००० पौंड मिळाले आणि महिला विजेतीला २५,०००. एकच मंच देऊन निम्मं बक्षीस देणं पटत नाही. आयोजकांनी सेट वाढवले, तशी आता बक्षिसाची रक्कमही वाढवावी.

सभागृहात बसून प्रत्यक्षात काय दिसतं? बोर्डाचा व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, ट्रेबल (तिप्पट गुणांची) आणि डबलच्या पट्ट्या जेमतेम ८ मिलिमीटर रुंद. खेळाडू २.३७ मीटरवर उभा असतो आणि बुल जमिनीपासून १.७३ मीटर उंच. दहाव्या टेबलावरूनसुद्धा डार्ट ट्रेबल २० मध्ये बसला की शेजारच्या सिंगलमध्ये, हे नुसत्या डोळ्यांना कळणं कठीण, मग सभागृह कोणतंही असो. डार्ट पडद्यावरच बघावा लागतो. लेकसाइडचा फायदा हा की सभागृह आटोपशीर आहे, मंच जवळ वाटतो आणि खेळाडूचा चेहरा, खांदा, कोपर दिसतं. कोपर खाली पडायला लागलं की डार्ट लक्ष्याच्या खाली जाऊ लागतात. पडद्यावर हे सुटून जातं, कारण तिथे अर्धी चौकट बोर्डाने व्यापलेली असते.

पडद्यामागे एक माणूस असतो, त्याला स्पॉटर म्हणतात. पुढचा डार्ट कुठे जाणार हे तो कॅमेरावाल्याला आधीच सांगतो. त्यासाठी नुसता हिशोब पुरत नाही, त्या खेळाडूची सवय माहीत असावी लागते. पहिले दोन डार्ट ट्रेबल २० मध्ये असे आडवे बसले की वाट अडली, तर कोणी १९ वर उतरतो, कोणी १८ वर सरकतो. स्पॉटर चुकला की कॅमेरा रिकाम्या जागेवर राहतो आणि डार्ट दुसरीकडेच बसलेला असतो. कमी परिचित खेळाडूंच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत हे जास्त घडण्याची शक्यता असते, म्हणून तिथे प्रक्षेपणाला लगेच नावं ठेवू नयेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सरासरीचा अर्थ समजून घेऊन जावं. ५०१ पंधरा डार्टमध्ये संपवले तर तीन डार्टची सरासरी १००.२ येते, अठरा डार्टमध्ये ८३.५. म्हणजे लेगमागे तीन डार्टची एकच फेरी जास्त लागली की सरासरी जवळपास १७ ने खाली येते, आणि ती फेरी बहुतेक वेळा डबलवर वाया जाते. ३२ शिल्लक ठेवण्यामागचं कारणही यातच आहे. डबल १६ चुकून सिंगल १६ लागला तर डबल ८ उरतो, तो चुकला तर डबल ४. पुन्हा पुन्हा निम्मं होत जातं आणि विषम आकडा यायला वेळ लागतो. डबल २० वरून हाच प्रवास २०, १०, ५ असा होतो. ५ वर आलं की आधी एक डार्ट आकडा सम करण्यातच जातो. हे डोक्यात ठेवून बघितलं की एखादी खेळाडू मधेच १९ कडे का वळली ते आपोआप उलगडतं.

जुन्या लेकसाइडचं एक देणं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागतिक स्पर्धेतला पहिला नऊ डार्टचा लेग पॉल लिमने १९९० मध्ये इथेच टाकला. त्याबद्दल त्याला ५२,००० पौंड मिळाले. त्या वर्षीचा विजेता फिल टेलरला मिळाले २४,०००. तोच लिम २०२४ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, इथेच अंतिम सामन्यात उभा होता. शेन मॅकगर्ककडून तो ३-६ असा हरला, पण चौतीस वर्षांनी त्याच सभागृहात अंतिम फेरी गाठणारा माणूस बघायला मिळणं हे भाग्यच.

कमतरता आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पुरुषांमधले आजचे सर्वांत धारदार खेळाडू पीडीसीत आहेत. ल्यूक लिटलर, ल्यूक हम्फ्रीज किंवा मायकेल व्हॅन गर्वेन बघायचे तर अलेक्झांड्रा पॅलेसला पर्याय नाही. तिथे महिलांसाठी वेगळा किताब नाही, पात्र ठरलेल्या महिला पुरुषांबरोबर त्याच तक्त्यात खेळतात. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने तिथे टेड एव्हेट्स आणि मेन्सूर सुल्योविच यांना हरवून पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली महिला होण्याचा मान मिळवला. ते दोन सामने कोणत्याही डार्ट्सप्रेमीने बघावेतच. पण तिथे दोनचार महिला पहिल्या फेऱ्यांत उतरतात आणि बहुधा तिथेच थांबतात. लेकसाइडला महिलांचा पूर्ण तक्ता दिसतो: मानांकन, उलटफेर, उपांत्य फेरी, सगळं. दोन्हींचं वेळापत्रक जवळ आल्यावर खेळाडूंना एक निवडावी लागली, तेव्हा २०२३ आणि २०२४ मध्ये ग्रीव्ह्जने लेकसाइड निवडलं.

जायचं कसं? लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून फार्नबरो मेनला थेट गाड्या आहेत, तिथून पुढे टॅक्सी. रात्रीचे सामने लांबतात, त्यामुळे शेवटची गाडी आधी बघावी आणि परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवावी. एकच दिवस मोकळा असेल तर अंतिम सामन्यापेक्षा उपांत्यपूर्व फेरीचा दिवस धरावा: एकाच तिकिटात जास्त सामने, पुरुष आणि महिला दोघांचेही, आणि हरण्याची भीती अजून हातापर्यंत न पोहोचलेले खेळाडू. टेबल निवडता आलं तर मंचाच्या अगदी समोरचं घेऊ नये. किंचित बाजूचं घ्यावं, म्हणजे फेकणाऱ्याची पाठ आड येत नाही आणि पडदाही मान न वळवता दिसतो.