आठ महिने खिशात वॉकमन: स्क्रीन छान आहे, पण हात बटणांवरच असतो

भाच्याने सिंगापूरहून आणलेला सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६, म्हणजे गाणी वाजवणारा वॉकमन, टेबलावर ठेवला, तेव्हा मुलाने तो उलटापालटा करून विचारलं, "बाबा, याचा कॅमेरा कुठंय?" कॅमेरा नाही, सिम नाही. बायको म्हणाली, "फोनवर गाणी वाजत नाहीत का?" वाजतात. पण विलंबितात (संथ लयीत) गायक समेच्या उंबरठ्यावर आलेला असतो आणि नेमका तेव्हाच कर्ज देऊ पाहणाऱ्या बाईंचा फोन येतो. मग कुरियरवाला. मग ओटीपी. डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात मी वर्षभरात एकही बडा ख्याल सलग ऐकला नव्हता.

घरी बाबांच्या दीडेकशे कॅसेट आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमार गंधर्व, आणि रेडिओवरून टेप केलेलं बरंच काही, ज्याच्या मध्येच निवेदिकेचा आवाजही येतो. डेक संगणकाला जोडून त्या एकेक करून फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फायलींत) उतरवायच्या, हा माझा रविवारचा उद्योग. ते ऐकायला वेगळं यंत्र हवं होतं. हौस म्हणा.

ए३०६ हा २०२३ च्या जानेवारीत आलेला अँड्रॉइड १२ चा वॉकमन. ३.६ इंची टचस्क्रीन, वजन ११३ ग्रॅम, शर्टाच्या खिशात बसतो आणि खिसा लोंबत नाही. स्क्रीनबद्दल तक्रार नाही, अल्बमची चित्रं देखणी दिसतात, कॅसेट फिरताना दाखवणारी एक गमतीची सोयही आहे, जी मी पहिला आठवडा कौतुकाने पाहिली आणि नंतर बंद केली. कारण सरळ आहे: स्क्रीन बघायला यंत्र खिशातून काढावं लागतं, आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला आणि दुसरा बॅगेला असतो.

म्हणून माझ्या लेखी या यंत्राचा खरा दागिना त्याच्या उजव्या कडेला आहे. प्ले, पुढे, मागे, आवाज कमी-जास्त, सगळ्याला वेगवेगळी बटणं, शिवाय होल्डचा खटका. कापडावरूनच अंगठ्याने चाचपडून दाबता येतात. ठाण्याला गर्दीचा लोंढा आत येण्याआधी खटका सरकवायचा, मग कुणाची ढोपरं कितीही लागली तरी राग बदलत नाही. टचस्क्रीनचं यंत्र घेतलं आणि सर्वांत कमी वापर टचस्क्रीनचाच झाला, याचं मलाही हसू येतं.

दुसरी गोष्ट सलग वाजण्याची. सीडीवर बऱ्याचदा विलंबित एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत (जलद लयीतलं) दुसऱ्यात असतं, पण मैफलीत मध्ये खंड नसतो, तबला चालूच असतो. मी फोनवर वापरायचो ते अ‍ॅप दोन ट्रॅकच्या मध्ये अर्धा सेकंद मुकं व्हायचं. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्याने झपतालात एक मात्रा गाळून पाहावी! सोनीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये हा सांधा कळतच नाही. देवनागरीतली नावंही जोडाक्षरांसकट नीट दिसतात. गोंधळ झाला तो माझ्याच कर्माने: काही फायलींवर मी किशोरीताईंचं आडनाव "आमोणकर" लिहिलं होतं, काहींवर "अमोणकर", काहींवर रोमन लिपीत. यंत्राला तीन गायिका दिसल्या. दोन रविवार त्यात गेले.

आता बाकीच्यांशी तुलना. माझ्याकडे पूर्वी आयपॉड टच होता, दुसऱ्या पिढीचा. तो हातात धरायला आजही सुंदर वाटतो, पण त्याच्या बाजूला फक्त आवाजाची बटणं, गाणी भरायची ती आयट्यून्समधूनच, आणि मेमरी कार्ड घालायची सोय त्या मालिकेत शेवटपर्यंत आली नाही. मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने तो बंदच केला, त्यामुळे आज जुना बाजार सोडला तर तो पर्याय उरलेला नाही. शानलिंग कंपनीचा एम० हा छोटा प्लेअर मी दुकानात हाताळला होता. १.५४ इंची स्क्रीन, काडेपेटीशी स्पर्धा करावी असा आकार. चष्मा काढून वाचणाऱ्या माझ्यासारख्याने लांबूनच नमस्कार करावा.

खरी टक्कर फियो कंपनीच्या जेएम२१ या प्लेअरची. आमच्या डब्यातल्या एका मित्राकडे तो आहे, आम्ही आठवडाभर अदलाबदल केली. स्क्रीन ४.७ इंची, अँड्रॉइड १३, आणि मुख्य म्हणजे ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट (हेडफोनला जास्त ताकद देणारी वेगळी जोडणी), जे ए३०६ ला नाही. घरी मोठे हेडफोन लावले की फियोची ताकद लगेच कळते. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे, म्हणजे जास्त ताकद मागणारे, हेडफोन वापरणार असाल तर वॉकमनचा विचार सोडा, तो इअरफोनचा सोबती आहे. शिवाय फियो स्वस्त. पण त्याची बॅटरी बारा तासांच्या आसपासची, आणि आकार जवळजवळ फोनचाच. मला तर आणखी एक फोन सांभाळल्यासारखं वाटलं. सोनी ३६ तास सांगते. वाय-फाय बंद ठेवून रोज तीनेक तास ऐकलं तर मला आठवडा निघतो. चार्जर फक्त रविवारी लागतो.

स्ट्रीमिंगसाठी मात्र घेऊ नका. अ‍ॅप चालतात, पण प्रवासात त्याला फोनचा हॉटस्पॉट द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा फोनच चालू ठेवला. डीएसईई अल्टिमेट नावाची आवाज "सुधारणारी" सोय मी बंद केली आहे. ती एमपी३ ला ठीक असेल, माझ्या कॅसेटची खरखर मात्र तिने जास्तच ठळक केल्यासारखी वाटली.

अंतर्गत जागा ३२ जीबी लिहिलेली, प्रत्यक्षात हाताला येते साधारण १८. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास धरा, म्हणजे जेमतेम पन्नास तास. कार्ड घेणं आलंच. इथे मी फसलो. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून २५६ जीबीचं मायक्रोएसडी निम्म्या भावात घेतलं. फायली भरल्या, यादीत नावं दिसली, मी खूश. चार दिवसांनी कुमारांचं भजन लावलं तर शांतता, मग आपोआप पुढचा ट्रॅक, पुन्हा शांतता. तासभर मी वॉकमनलाच शिव्या दिल्या. शेवटी कार्ड संगणकाला लावून एच२टेस्टडब्ल्यू हे कार्डाची खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, तेव्हा कळलं की खरी जागा ३० जीबीच्या आतच होती. त्यापुढचं सगळं नुसती नावं, पोटात काही नाही. दुकानदार म्हणाला, "बिल आहे का?" बिल नव्हतं.

मूळ फायली संगणकावर होत्या म्हणून वाचलो. नवं कार्ड पूर्ण भावात, बिलासकट घेतलं, रात्रभर तपासलं आणि मगच भरलं. आतापर्यंत चौऱ्याण्णव कॅसेट त्यात गेल्या आहेत. उरलेल्यांपैकी अकरांची फीत आतच चिकटली आहे, त्या उघडून देणारा कुणी कल्याण-डोंबिवलीत असेल तर कळवा.