घरगुती प्रोजेक्टरसाठी 7 इंची एलसीडी पॅनेल: दिवाळी ते मे

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दिवाणखान्यात, प्लायवुडच्या खोक्यात बसवलेला घरगुती प्रोजेक्टर दिवाळीपासून चालू आहे. त्यात मागच्या एलईडीचा उजेड एलसीडी पॅनेलमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पातळ काचेतून, जातो आणि भिंगाने भिंतीवर मोठा होऊन पडतो. आज असलेले पॅनेल दुसरे आहे. पहिले निवडताना मी केवळ पिक्सेल मोजले आणि फसलो.

ते पहिले पॅनेल 5.5 इंची, 1440×2560 पिक्सेलचे होते. मोबाइलसारखी त्याची मांडणी मुळातच उभी असल्यामुळे लॅपटॉपवर चित्र फिरवून घ्यावे लागे, आणि सेट-टॉप बॉक्समध्ये तशी सोय नसल्याने तो जोडताच आला नाही. तरीही खरी अडचण उजेडाची होती. रंगीत एलसीडीतून मागच्या प्रकाशाचा फार थोडा भाग पलीकडे पोहोचतो, कारण निम्म्याहून अधिक पहिला पोलरायझरच (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा पापुद्रा) गिळतो आणि उरलेल्यातला बराचसा लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या अडवतात. त्यात पिक्सेल जितके बारीक, तितकी त्यांच्यामधल्या तारांनी व्यापलेली जागा प्रमाणाने वाढते. ट्यूब बंद करूनही भिंतीवरचे चित्र मळकटच दिसे.

आताचे पॅनेल 7 इंची, 1280×800 पिक्सेलचे, आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) जातीचे आहे. 200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने सुमारे 8 फुटांवर 77 इंची चित्र पडते, म्हणजे अकरा पट. एक पिक्सेल साधारण 1.3 मिलिमीटरचा होतो. मुद्दाम डोळे ताणले तर जाळी जाणवते, पण सामना बघताना तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि तोच 100 वॅटचा एलईडी असूनही चित्र स्पष्टपणे उजळ आहे.

घेण्यापूर्वी मी विक्रेत्याकडून पॅनेलच्या पाठीचा फोटो मागवला होता. पॅनेलच्या कडेची सर्किटची पट्टी मागे दुमडलेली असते. तिची रिबन आखूड असेल आणि पट्टी सरळ उलगडत नसेल, तर तिची सावली थेट भिंतीवर पडते. पॅनेलसोबत येणारा मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, सोडवताना पत्र्याच्या चौकटीचे कान एकेक करून नखाने उचलावे लागले. मागचे पांढरे कागद काढल्यावर हातात उरते ती पापडासारखी पातळ काच, आणि ती उचलताना बोटे आपोआप थांबतात.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सामना रंगात असतानाच पडद्याच्या मधोमध काळा डाग उमटून पसरू लागला. प्रोजेक्टर बंद करून दहा मिनिटांनी पाहिले तर डाग नाहीसा झालेला. ठरावीक तापमानापुढे पॅनेलमधल्या द्रवस्फटिकांची रचना मोडते आणि त्या जागेतून प्रकाश जाईनासा होतो. थंड झाल्यावर ती पूर्ववत होते. एलईडीत अवरक्त किरण फारसे नसल्यामुळे तेच किरण अडवणाऱ्या उष्णतारोधक काचेने काही साधले नाही. पॅनेल आणि फ्रेस्नेल भिंगामध्ये (उजेड एकवटणारे, वर्तुळाकार खाचांचे चपटे भिंग) इंचभर फट ठेवून, दोन्ही बाजूंनी वारा जाईल असे संगणकाचे 12 व्होल्टचे दोन पंखे बसवले, तेव्हा डाग पुन्हा आला नाही. पंख्यांमुळे आत धूळ मात्र येते, म्हणून महिन्याकाठी खोके उघडावे लागते.

पोलरायझरला झालेली इजा मात्र कायमची आहे. चित्राच्या मध्यभागी हळदीचा हात लागल्यासारखी फिकट पिवळी छटा उरली आहे. रंगीत दृश्यांत ती लपते. कसोटी सामन्यात मधोमध उभ्या फलंदाजाचे कपडे मात्र धुवायला टाकावेत असे दिसतात.