वेब डेव्हलपमेंटसाठी उबुंटू एलटीएस की फेडोरा?

या दोन लिनक्स प्रणालींतला खरा फरक दिसण्यात नाही, देखभालीत आहे. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी, आणि प्रत्येक आवृत्तीचा आधार जेमतेम तेरा महिने. म्हणजे फेडोरावर वर्षातून एकदा तरी अपग्रेड करावंच लागतं. ते सहसा सुरळीत होतं, पण डेडलाइनच्या आठवड्यात कोण करणार?

उलट उबुंटूत पॅकेजं शिळी होतात. २४.०४ या एलटीएस आवृत्तीच्या पॅकेज भांडारात नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १८ आहे, ज्याचा आधार एप्रिल २०२५ मध्येच संपला. त्यामुळे नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि डेटाबेस कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात), हे मी दोन्हीकडे सुचवेन. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी आवृत्ती लागतेच, मग सिस्टीमचा नोड कशाला हवा? एकदा हे केलं की फेडोराच्या ताजेपणाचं अप्रूप बरंच कमी होतं.

फेडोरात एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामला कशाला हात लावता येईल ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) सुरुवातीपासून चालू असतं. पॉडमन (कंटेनर चालवणारं साधन) वापरून कंटेनरला कोडचं फोल्डर जोडलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि नवखा माणूस वैतागून एसईलिनक्सच बंद करतो. तसं करू नका. जोडणीच्या शेवटी छोटा झेड (:z) लावला की भागतं. उबुंटूत ही कटकट नाही, पण फायरफॉक्स स्नॅपमधून (उबुंटूची स्वतःची पॅकेज पद्धत) येतो, ते अनेकांना खटकतं.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर उबुंटू सोपा. नवाकोरा लॅपटॉप असेल तर ताज्या कर्नलमुळे (सिस्टीमचा गाभा) फेडोरा आधी बघा. क्लायंटचा सर्व्हर उबुंटूवर असेल, तर माझं मत उबुंटूलाच.