नऊ महिने काट्यावर: उकड, पाक, खळ आणि आईचा अंदाज

जूनमधल्या संकष्टीला अकरा मोदकांपैकी सात मोदकपात्रातच उकलले. आईचा उजवा खांदा दुखायला लागल्यापासून उकड मळायचं काम माझ्याकडे आलंय. एक वाटी पिठी, एक वाटी पाणी हे माप पाठ होतं आणि मी ते इमानदारीने पाळलंही होतं. ‘पिठी मागेल तेवढं पाणी घालायचं रे,’ असं आई म्हणाली. पिठी मागते हे कळतं कसं, विचारलं तर म्हणाली, ‘कळतं.’ त्याच रात्री साडेचारशेच्या आसपास किंमत असलेला डिजिटल काटा मागवला. दहा किलोपर्यंतचं वजन, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. बाजारात एकाच साच्यातून काढल्यासारखे जे पांढरे काटे मिळतात त्यातलाच एक, त्यामुळे कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

आल्या आल्या तपासला. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमला किंचित कमी भरतं, दहा नाणी ठेवली की ७७ दिसायला हवेत. दिसले. मग पिठीचा डबा काढला. तीच आमटीची वाटी डब्यात बुडवून वर सपाट केली तर १०४ ग्रॅम पिठी. चमच्याने हलकेच भरली तर ८६. भरून ओट्यावर दोनदा आपटली तर ११८. पाण्याची वाटी मात्र दर वेळी १५०च्या आसपास. म्हणजे ‘एक वाटीला एक वाटी’ म्हणत मी शंभर ग्रॅम पिठीला कधी १२७ ग्रॅम पाणी घालत होतो, तर कधी १७४. मोदकांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पारी धरून ठेवायचं काम उकळत्या पाण्यात फुगलेला स्टार्चच करतो. पाणी कमी पडलं की पिठीचा काही भाग कोरडाच राहतो आणि पाकळ्या काढताना कडा तडकतात. जास्त झालं की उकड बोटांना चिकटते आणि मोदक वाफेवर बसतो. पाच-सहा घाण्यांनंतर मी शंभर पिठीला दीडशे पाणी, चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ यावर स्थिरावलो. श्रावणात दोनदा मोदक केले, दोन्ही वेळा एकही उकलला नाही. वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी आईने हौसेने डाव्या हाताने उकड काढली. दर घाण्याला ३०० ग्रॅम पिठी मी मोजून दिली आणि पाण्याचं पातेलं तिच्या नकळत काट्यावर ठेवून आधीचं-नंतरचं वजन टिपलं. (नकळत कसलं, तिला पहिल्याच घाण्याला कळलं होतं.) तिने घातलेलं पाणी पहिल्या घाण्याला ४३८, दुसऱ्याला ४५५ आणि तिसऱ्याला, जो नव्या पुड्यातल्या पिठीचा होता, ४७८. मला वाटलं होतं, अंदाज म्हणजे दर वेळी तेवढंच पाणी. पण पाणी दर वेळी वेगळं होतं आणि उकड तिन्ही वेळा हुबेहूब सारखी. माझा दीडशेचा आकडा त्याच नव्या पुड्यावर चालवला तर कडा परत तडकल्या. तेव्हापासून दीडशेतलं काही नेमाचं मानत नाही. दीडशे घालतो, शंभरामागे दहा ग्रॅम गरम पाणी वेगळं ठेवतो आणि मळताना बोटं सांगतील तसं लावतो. आता ती दहा ग्रॅम चुकली तरी फार बिघडत नाही, पूर्वी पन्नासाचा घोळ असायचा.

याच काळात एक सवय लागली, तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. प्रत्येक रिकाम्या भांड्याचं वजन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: जाड कढई १२४०, पितळी पातेलं ९८५, लहान परात ६१०. त्यामुळे भांड्यात किती उरलंय हे कधीही कळतं, अगदी गॅसवरून उतरवल्यावरसुद्धा. होळीला पुरण केलं तेव्हा पाव किलो डाळ आणि पाव किलो गूळ घेतला होता. डाव पुरणात उभा राहिला तेव्हा कढईसकट वजन केलं, कढई वजा करून ७०५ भरलं. पोळ्या फुटल्या नाहीत. पुढच्या वेळी डाव उभा राहतोय की मीच धरून ठेवलाय अशी शंका आली, तर निदान एक आकडा हाताशी आहे.

पाकाचंही तसंच. रव्याच्या लाडवांना अर्धा किलो साखर आणि पाव किलो पाणी, म्हणजे सुरुवातीला ७५०. आईने दोन बोटांत तार काढून ‘झाला, एकतारी’ म्हटल्याबरोबर कढई काट्यावर ठेवली तर आत ६९५ उरलेलं. पाक होणं म्हणजे पाणी उडून जाणं, दुसरं काही नाही. साखर तर कुठे जात नाही, तेव्हा वजनावरून पाक ओळखता येतोच. शिवाय एक गोष्ट प्रत्यक्ष दिसली. गॅसवरून उतरवलेल्या कढईतला आकडाही डोळ्यांदेखत उतरत असतो, मिनिटाभरात तीन-चार ग्रॅम. ‘गॅस जरा आधी बंद कर’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य पडद्यावर आकड्यांत बघायला मिळालं. आता मी ७०० दिसले की थांबतो.

पण इथेच काट्याचं नुकसानही झालं. पहिल्या दिवशी उत्साहात गरम कढई थेट काट्यावर ठेवली. प्लास्टिकची तबकडी एका कडेला किंचित वाकली आणि आकडे भरकटायला लागले. वजनाने किंचित वाकणारी धातूची पट्टी आणि तिला चिकटवलेला सेन्सर, एवढीच आतली यंत्रणा. तिला उष्णता मानवत नाही. रात्रभर थंड झाल्यावर नाणी परत ७७ आली म्हणून वाचलो. आता खाली आधी लाकडी पाट ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग कढई. विकणाऱ्याने हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं. तिथे फक्त पाण्यात बुडवू नका एवढंच आहे, जणू कोणी बुडवणारच होतं.

तिळगुळाच्या वड्यांना वजनाचा उपयोग झाला नाही. गुळात मुळात पाणी किती, हे दर ढेपेला वेगळं. त्यासाठी तापमापक घेतला, तर त्याची वेगळीच गंमत. चिंचवडला आमच्याकडे साधं पाणी ९८ अंशांना उकळतं, कारण आम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहोत. पाककृतींमधले पाकाचे आकडे समुद्रकाठचे असतात. ते तसेच घेतले आणि वड्यांची चिक्की झाली. आता दोन अंश कमी धरतो, आणि तरीही गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून गोळी होते का बघतो. तापमापकाविषयी इतकंच पुरे.

चकलीच्या मोहनात काट्याने मोठा दिलासा दिला. अर्धा किलो भाजणीला ५५ ग्रॅम तेल. डावाने घालायचो तेव्हा एका वर्षी चकली तेलात विरघळायची आणि दुसऱ्या वर्षी दातांना भारी पडायची. या दिवाळीला पहिल्या घाण्यापासून शेवटपर्यंत सारखी.

दिवाळीत लेकीचा कंदील आणि किल्ला, दोन्ही याच काट्यावर झाले. बांबूच्या काड्यांचे सांधे कागदाने बांधायला खळ केली, ४० ग्रॅम मैद्याला २०० पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मगच आच. पहिल्या वेळी गॅसवर पाहिजे तशी दाट झाल्यावर उतरवली आणि गार झाल्यावर तिची वडी पडली. खळ, पिठलं, पुरण, सगळी मंडळी गार होताना घट्ट होतात. कढईत जरा सैलच वाटली पाहिजेत. पतंगी कागदाला तर एकास आठ अशी ताकासारखी सरसरीत खळ लागली, नाहीतर कागदाला सुरकुत्या पडतात. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. तो विषारी असतो आणि याच काट्यावर उद्या साखर मोजायची असते, म्हणून तो घरात आणला नाही. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला, तेवढं बास.

किल्ल्याचे बुरूज कागदाच्या लगद्याचे. शंभर ग्रॅम रद्दी रात्रभर भिजवून जुन्या मिक्सरच्या भांड्यात वाटली आणि पंचात पिळली. पहिल्यांदा हलकेच पिळला तेव्हा लगदा ५२० ग्रॅम भरला. बुरूज रात्रीतून बसले आणि पाचव्या दिवशीही आतून ओले होते. दुसऱ्यांदा पंचा दोघांनी दोन टोकांनी पिळला, ३४० भरला. त्यात खळ मिसळली तर भिंती उभ्या राहिल्या आणि दोन दिवसांत वाळल्या. लेकीने किल्ल्याजवळ पुठ्ठ्यावर ‘बुरूज: ३४० ग्रॅम’ अशी पाटी लावली होती. सोसायटीतल्या कोणालाच कळली नाही.

आता तक्रारी. परात ठेवली की पडदा तिच्याखाली जातो आणि आकडा वाचायला मान वाकडी करून ओट्याशी गाल लावावा लागतो. मी मध्ये एक डबा पालथा घालतो. ग्रॅमवरून औंसावर नेणारं बटण शून्य करायच्या बटणाला लागूनच आहे. पिठाचा अंगठा लागला की ३०० चे साडेदहा होतात आणि काळजात धस्स होतं. दोन मिनिटं हात लावला नाही की काटा आपोआप बंद होतो, मळण्याच्या मध्यात मोजलेलं सगळं गेलं. दारावरची वजनं तेव्हाच कामाला येतात. आमच्या ओट्याला मोरीकडे उतार आहे, त्यामुळे काटा ठेवायची एकच जागा ठरली आहे.

सर्वात वैताग देते ती बारीक मापं. सोडा किंवा मीठ चिमटीचिमटीने घालत गेलं तर आकडा शून्यावरच बसून राहतो. इतका सावकाश बदल तो खराच धरत नाही. यावर उपाय असा: सोड्याची बरणीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं नाही, आणि २१२ चे २१० होईपर्यंत काढून घ्यायचं. बरणीतून कमी होताना तो बऱ्यापैकी नीट दाखवतो. तरीही दोन ग्रॅमच्या खाली माझा त्यावर विश्वास नाही.

सेल आतापर्यंत एकदाच बदलले, फेब्रुवारीत. सेलच्या झाकणाची खिटी मोडली आहे, तिथे कंदिलाच्या उरलेल्या पतंगी कागदाची पट्टी खळीने चिकटवली आहे, हिरव्या रंगाची. आई परवा घावनाचं पीठ भिजवत होती. पाणी घालून, पळीने धार सोडून बघितली, आणखी थोडं घातलं आणि मला हाक मारली, ‘किती झालं ते बघ रे, लिहून ठेव.’ वाटीभर पिठीला २३१ ग्रॅम पाणी गेलं होतं. वाटी कशी भरली होती, ते विचारायचं राहिलं.