मुंबई हाय आणि अंकलेश्वर : तेल कुठे शिजले, कुठे साठले
गुजरातमधील अंकलेश्वरचे तेलक्षेत्र १९६० मध्ये सापडले. तिथला हिशेब तुलनेने सरळ आहे : खंबातच्या खचदरीत (जमीन खचून बनलेल्या खोलगट भागात) दख्खनच्या बेसॉल्टवर साचलेला, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा खंबात शेल (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पातळ थरांचा खडक) खोलवर तापला आणि त्यातले तेल इओसीन काळातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) वालुकाश्मात शिरले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायची, म्हणजे समुद्रतळाखालच्या खडकांतील एका उंचवट्याची, गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते, कारण तेथे तेल साठले ते मुख्यतः मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात, तर ते शिजले भोवतालच्या सखल भागांतील, त्याहून कितीतरी जुन्या ‘पन्ना’ नावाच्या स्तरसमूहाच्या (एकत्र गणलेल्या खडकथरांच्या) शेल व कोळशाच्या थरांत. म्हणजे या उंचवट्याला आपले तेल शेजारूनच मिळाले. तेल वर निसटू न देणाऱ्या झाकणाचे काम मात्र दोन्हीकडे शेलनेच केले.